परकी कीड व तिचे वैरी



सातारा-सांगलीचा इतिहास म्हटला म्हणजे गड, गादी आणि संस्थानें डोळ्यांपुढें येतात. पण कृष्णाकांठच्या उसाच्या फडांतहि एक मोठा झगडा झाला. त्याचें साल २००२.

त्या वर्षाच्या जुलैंत सांगली जिल्ह्यांत उसाच्या पानांखालीं पांढऱ्या लोकरीसारखा थर दिसूं लागला. हाच लोकरी मावा. पश्चिम बंगालमध्यें त्याची नोंद १९५८ सालींच झाली होती. इकडे मात्र तो नवखा होता. याची मादी नरावांचून थेट पिलें घालते, त्यामुळें संख्या झपाट्यानें वाढते. मावा पानांतील रस शोषतो, त्यानें टाकलेल्या चिकट गोड द्रवावर काळी बुरशी चढते, आणि ऊस व साखर दोन्हीं घटतात. कांहीं महिन्यांतच सातारा, कोल्हापूर व उत्तर कर्नाटक येथवर त्याचा फैलाव झाला.

औषध फवारावें, तर पुरुषभर उंच दाट उसांत शिरणार कसें? शिवाय विषानें माव्याबरोबर त्याचे वैरीहि मरतात. आणि वैरी होतेच. डायफा नांवाच्या पतंगाची अळी व मायक्रोमस हा जाळीदार पंखांचा कीटक मावा खातात. त्यांची पैदास करून ते फडाफडांतून सोडण्यांत आले. तिसरा वैरी, एन्कार्सिया, ईशान्य भारतांतून आणला. ही माशी जेमतेम मिलिमीटरभर. ती माव्याच्या अंगांत अंडें घालते. अळी त्याला आंतून पोखरते, आणि पोकळ साल मागें ठेवून नवी माशी बाहेर पडते.

युक्ति जुनी आहे. ऑस्ट्रेलियाहून आलेल्या खवले किडीनें कॅलिफोर्नियांतील संत्र्यालिंबांच्या बागा बुडूं लागल्या, तेव्हां १८८८ सालीं आल्बर्ट कोबेल ऑस्ट्रेलियास गेले व तिचे वैरी, एक परोपजीवी माशी आणि एक ढालकिडा, त्यांनीं तेथूनच धाडले. आपल्याकडे पपईवरील पिठ्या ढेकूण २००८ सालीं कोइमतुरास आढळला, पुढें महाराष्ट्रांतहि आला. २०१० सालीं पोर्टो रिकोहून आणलेल्या परोपजीवी माश्यांनीं तो आटोक्यांत आणला.

परकी कीड अनावर होते, कारण ती आपले वैरी मायदेशीं सोडून येते. ते वैरी शोधून आणणें आणि आणल्यावर विषापासून जपणें, हीं दोन्हीं कामें तितकींच महत्त्वाचीं. शहरांत फड नसले तरी कुंडींतली जास्वंद असते. तिच्यावर कीड दिसतांच औषधाची बाटली उघडूं नये. आधीं पान उलटून पाहावें. तेथें तिचा वैरी कामाला लागलेला असण्याचा संभव असतो.