फार्सी (अश्वरोग)

फार्सी हे ग्लँडर्स या संसर्गजन्य रोगाचे त्वचेवर दिसणारे रूप आहे. बर्कहोल्डेरिया मॅलेई या जीवाणूमुळे होणारा हा रोग मुख्यतः घोडा, गाढव व खेचर यांना होतो आणि त्यांच्यापासून माणसालाही होऊ शकतो. नावाचा फारसी भाषेशी संबंध नाही; ते 'ठासून भरणे' या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आले आहे. १८८२ साली जर्मनीत लॉफ्लर व श्युट्झ यांनी या जीवाणूचा शोध लावला.

लक्षणे

मागील पायांच्या आतील बाजूस, पोटावर किंवा मानेवर त्वचेखाली लसीकावाहिन्यांच्या रेषेत गाठी उठतात. वाहिन्या सुजून दोरीसारख्या हाताला लागतात. पुढे गाठी फुटतात, त्यांतून मधासारखा पिवळसर, चिकट स्राव वाहतो आणि लवकर न भरणारे व्रण राहतात. पाय सुजून दुखू लागल्याने जनावर लंगडते. त्याच जनावरात नाकातील व्रण व फुप्फुसाचा विकारही असू शकतो. घोड्यात रोग बहुधा दीर्घकाळ रेंगाळतो. गाढव व खेचरात तो तीव्र असून काही दिवसांत मृत्यू ओढवतो. वरवर निरोगी दिसणारा जुनाट रोगीच सर्वांत धोकादायक, कारण त्याच्यामुळे सामाईक हौद व गव्हाणीतून इतर जनावरांना संसर्ग होतो.

निदान

बुरशीजन्य लसीकावाहिनीदाहातही अशाच गाठी येतात; त्यामुळे केवळ पाहून निदान करता येत नाही. रक्तजलाच्या चाचण्या आवश्यक असतात. भारतात त्यांसाठी हरियाणातील हिसार येथील राष्ट्रीय अश्व अनुसंधान केंद्र ही प्रमुख संस्था आहे. रोगावर लस नाही. प्रतिजैविके दिल्यास लक्षणे दबतात, पण जनावर वाहक राहू शकते. म्हणून जनावरांवर उपचार केले जात नाहीत.

महाराष्ट्रातील स्थिती

भारतात २००६ साली हा रोग पुन्हा उद्भवला, तो प्रथम महाराष्ट्रात. त्यानंतर उत्तर प्रदेश, उत्तराखंड, पंजाब आदी राज्यांतही तो आढळला. राज्यातील घोड्यांची मोठी उलाढाल बाजारांत होते. नाशिक जिल्ह्यातील येवल्याचा घोडेबाजार आणि नंदुरबार जिल्ह्यात दत्तजयंतीला भरणारी सारंगखेड्याची यात्रा ही त्यांची ठळक उदाहरणे. परराज्यांतून आलेली जनावरे तेथे एकत्र बांधली जातात. म्हणूनच अशा ठिकाणी येणाऱ्या जनावरांची तपासणी व प्रमाणपत्र यांना महत्त्व आहे.

कायदा

ब्रिटिश राजवटीत १८९९ साली ग्लँडर्स व फार्सी यांसाठी स्वतंत्र अधिनियम झाला. २००९ च्या प्राण्यांतील संसर्गजन्य रोग प्रतिबंध व नियंत्रण अधिनियमाने तो रद्द केला. रोगाची शंका येताच मालकाने गावच्या अधिकाऱ्यास किंवा ग्रामपंचायतीस कळविणे नव्या कायद्याने बंधनकारक आहे. रोगनिश्चिती झालेल्या जनावरास वेदनारहित मृत्यू देऊन खोल खड्ड्यात पुरतात. केंद्र शासनाच्या योजनेत घोड्यासाठी २५,००० रुपये व गाढव-खेचरासाठी १६,००० रुपये भरपाईची तरतूद आहे. बाजारात चांगल्या घोड्याची किंमत लाखांत जाते, तर टांगेवाला वा वरातीचा घोडेवाला यांचा संसारच एका जनावरावर चालतो. त्यामुळे गाठी लपविण्याकडे किंवा जनावर विकून टाकण्याकडे मालकांचा कल होऊ शकतो. नियंत्रणातील खरी अडचण हीच आहे.

माणसांतील संसर्ग

जखमेतून किंवा श्वासावाटे जीवाणू शरीरात शिरतात. पशुवैद्य, मोतद्दार व प्रयोगशाळेतील कर्मचारी यांना धोका अधिक असतो. उपचार न केल्यास रोग बहुधा प्राणघातक ठरतो. पहिल्या महायुद्धात जर्मन हेरांनी शत्रुपक्षाचे घोडे व खेचरे निकामी करण्यासाठी हा जीवाणू वापरला होता.