माहीमचा मखदूम दर्गा आणि उत्तर कोकणची किनारपरंपरा

उत्तर कोकणात माहीम या नावाची दोन स्थळे आहेत : एक पालघरजवळचे केळवे-माहीम व दुसरे मुंबईच्या बेटांपैकी माहीम. जुने लेख वाचताना त्यांची गल्लत होऊ न देणे अगत्याचे आहे. प्रस्तुत विवेचन दुसऱ्या माहीमच्या, म्हणजे मखदूम फकीह अली माहीमी यांच्या दर्ग्याच्या, संबंधात आहे.

हा दर्गा दिल्लीच्या वा गुजरातच्या विजयाचे स्मारक होय, अशी सर्वसाधारण समजूत आढळते. पुराव्यांशी ती जुळत नाही. यादवांची सत्ता चौदाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात संपली. परंतु कोकण किनाऱ्यावरील मुसलमानांची वस्ती त्याहून फार जुनी आहे. दहाव्या शतकाच्या आरंभी चौल येथे आलेल्या मसूदीने तेथे सुमारे दहा हजार मुसलमान राहत असल्याचे नमूद केले असून, सोपाराही अरब भूगोलकारांना परिचित होते. डहाणू तालुक्यातील चिंचणी येथे सापडलेला शके ८४८ (इ. स. ९२६) चा ताम्रपट याहून महत्त्वाचा आहे. त्यावरून राष्ट्रकूटांच्या अंमलाखाली संजाणचा कारभार मधुमति, म्हणजे मुहम्मद, या ताजिक अधिकाऱ्याकडे होता व त्याने देवीच्या मठिकेसाठी भूमिदान केले, असे दिसते. येथे इस्लाम व्यापाराच्या वाटेने आला आणि स्थानिक राज्यव्यवस्थेत सामावला गेला.

मखदूम अली (१३७२–१४३१) यांचा जन्म या परंपरेतील नवाइत समाजात झाला. कोकणी मुसलमानांचा शाफिई पंथ उत्तर हिंदुस्थानातील हनफी पंथाहून वेगळा असून तो अरबी सागरी संबंधांकडे निर्देश करतो. मखदूमांचे ग्रंथही फारसीत नव्हेत, तर अरबीत आहेत. ‘तबसीर-उर्-रहमान’ या त्यांच्या कुराणभाष्यात आयतींतील परस्परसंगती दाखविण्याचा प्रयत्न आहे. इब्न अरबीच्या विचारांचाही त्यांच्यावर प्रभाव होता. फकीह म्हणजे धर्मशास्त्रज्ञ, व ही पदवी त्यांच्या नावाशी कायमची निगडित झाली.

त्यांच्या आयुष्याची अखेरची वर्षे युद्धाची होती. १४२९ च्या सुमारास बहामनी सरदार मलिक-उत्-तुज्जार याने माहीम घेतले. गुजरातच्या अहमदशहाच्या सैन्याने व आरमाराने ते परत जिंकले. दोन मुसलमान सत्तांतील या झगड्यात धर्माहून बंदराचा प्रश्न मुख्य होता, हे लक्षात घेतले पाहिजे.

पुढे डिसेंबर १५३४ मध्ये बहादूरशहाने वसई व तिच्या ताब्यातील मुंबईची बेटे पोर्तुगीजांस दिली. तेव्हापासून माहीमचे राजकीय केंद्र वसई झाले. १६६५ मध्ये हंफ्री कुकने मुंबईचा ताबा घेताना माहीमही घेतले. माहीम मुंबईचा भाग नव्हे, अशी पोर्तुगीजांची हरकत होती. १६६८ मध्ये बेट ईस्ट इंडिया कंपनीकडे आले. दर्ग्याची दुरुस्ती व विस्तार १६७४ मध्ये झाला, आणि १७४८ मध्ये पडव्या जोडल्या गेल्या. पोर्तुगीज अंमल संपल्यावर दहा वर्षांच्या आत विस्तार होतो, हा कालक्रम अर्थपूर्ण आहे. केवळ त्यावरून पूर्वी उपासनेस बंदी होती असे सिद्ध होत नाही. तथापि सव्वाशे वर्षांच्या परधर्मी अंमलानंतरही स्थानाचे महत्त्व लोकांच्या मनात कायम होते, एवढे निश्चित म्हणता येते. चिमाजी आप्पांनी १७३९ मध्ये वसई घेतली, तेव्हा माहीम इंग्रजांकडेच होते.

माहीमवर सत्ता बदलत गेल्या, परंतु दर्गा टिकला. दर वर्षीच्या जत्रेत मुंबई पोलिसांची चादर येथे मानाने चढविली जाते आणि निरनिराळ्या धर्मांचे लोक दर्शनास येतात. या टिकाऊपणाचे श्रेय कोणा एका राजवटीस देता येत नाही. बंदरावर शतकानुशतके नांदलेल्या समाजाच्या स्मृतीत त्याचे कारण शोधले पाहिजे. आणि त्यासाठी माहीमचा अभ्यास केवळ मुंबईच्या इतिहासात न करता संजाण, सोपारा, वसई व चौल यांच्या सलग किनाऱ्यासह करणे इष्ट ठरते.