खोकडावरचा खटला

शिक्षकांच्या शिबिरात आम्ही अधूनमधून एक प्रश्न विचारतो : एखाद्या प्रदेशातला प्राणी नाहीसा का होतो? उत्तरे पटापट येतात. जंगलतोड, शिकार, प्रदूषण, वाढती लोकसंख्या. दोन मिनिटांत फळा भरतो. मग आम्ही दुसरा प्रश्न विचारतो : यांपैकी नेमके कोणते कारण, हे तुम्ही कसे ठरवाल? आता मात्र कोणी बोलत नाही. पाठ्यपुस्तकात कारणांची यादी असते, पण ती यादी तपासायची कशी हे नसते.

हा प्रश्न केवळ वर्गापुरता नाही. कारण चुकले तर उपाय चुकतो, आणि उपाय चुकला तर तो प्राणी जातो. दुसरी संधी मिळत नाही. ऑस्ट्रेलियातल्या सस्तन प्राण्यांच्या इतिहासात या प्रश्नाने शास्त्रज्ञांना बरीच वर्षे कोड्यात टाकले होते. त्याचीच ही हकिगत.

ऑस्ट्रेलिया म्हटले की आपल्याला कांगारू आठवतो. पण तिथले बहुतेक स्थानिक सस्तन प्राणी आकाराने लहान. उंदराएवढे, घुशीएवढे, सशाएवढे. युरोपीय लोक 1788 साली तिथे वसाहतीला आले. त्यानंतरच्या सव्वादोनशे वर्षांत, जगात फक्त तिथेच आढळणाऱ्या सुमारे 273 भूचर सस्तन जातींपैकी दहा टक्क्यांहून अधिक नामशेष झाल्या. एवढी मोठी हानी आधुनिक काळात दुसऱ्या कोणत्याही खंडावर झालेली नाही.

यांतल्या एका प्राण्याच्या बाबतीत कारण शोधावे लागत नाही. टास्मानिया बेटावरच्या थायलसीनने, म्हणजे 'टास्मानियन वाघा'ने, मेंढ्या मारल्याचा आरोप होता. 1888 ते 1909 या काळात सरकारने त्याच्या शिकारीला बक्षीस लावले आणि 2,184 बक्षिसे वाटली. 10 जुलै 1936 रोजी त्याला कायद्याचे संरक्षण मिळाले. 7 सप्टेंबर 1936 रोजी होबार्टच्या प्राणिसंग्रहालयातला शेवटचा ज्ञात थायलसीन मेला. संरक्षण आणि मृत्यू यांत अंतर 59 दिवसांचे.

पण बाकीच्या छोट्या प्राण्यांना कोणी बक्षीस लावून मारले नव्हते. काही जाती तर अशा वाळवंटातून गेल्या, जिथे नांगर किंवा कुऱ्हाड कधी पोचलीच नव्हती. मग तिथे काय घडले?

संशयित पुष्कळ होते. मेंढ्यांनी गवत संपवले. 1859 साली व्हिक्टोरियातल्या एका जमीनदाराने शिकारीच्या हौसेसाठी इंग्लंडहून दोन डझन ससे आणवले, त्यांची पिलावळ खंडभर पसरली. त्याच हौसेपायी लाल खोकड आणले गेले. मांजरे तर वसाहतवाल्यांच्या जहाजांतूनच उतरली होती. मूळ रहिवासी ठिकठिकाणी छोट्या आगी लावून रानाची निगा राखत. त्यांना हुसकावल्यावर ती पद्धत मोडली आणि मोठे वणवे लागू लागले. गव्हाच्या शेतीसाठी जंगल साफ झाले. शिवाय रोगाची शंका होतीच. (मराठीत आपण 'फॉक्स'ला सर्रास कोल्हा म्हणतो, पण कोल्हा म्हणजे 'जॅकल'. फॉक्स म्हणजे खोकड. या लेखात खोकड हाच शब्द वापरू.)

अडचण अशी की हे सगळे संशयित थोड्याफार फरकाने एकाच काळात घटनास्थळी हजर होते. खोकड आला आणि प्राणी गेले, हे खरे. पण ससा आला आणि प्राणी गेले, हेही तितकेच खरे. दोन गोष्टी एकामागून एक घडल्या म्हणजे पहिलीमुळे दुसरी घडली असे होत नाही, हे आपण वर्गात शिकवतो. इथे त्याचीच परीक्षा होती.

पहिले धागेदोरे तीन ठिकाणी मिळाले. अँड्र्यू बरबिज आणि नॉर्मन मॅकेन्झी या पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या दोघा शास्त्रज्ञांनी 1989 साली दाखवले की ऱ्हास सर्वांचा सारखा झालेला नाही. साधारण 35 ग्रॅम ते साडेपाच किलो या वजनगटातल्या प्राण्यांनाच सर्वाधिक फटका बसला होता. त्याहून छोटे आणि त्याहून मोठे प्राणी बऱ्यापैकी टिकले होते. खोकड किंवा मांजर यांच्या तोंडी सहज लागेल असाच हा गट. तरी दुष्काळ किंवा चाऱ्याची टंचाई या गटाला जास्त भोवते, असेही म्हणता येत होते.

दुसरा धागा बेटांचा. पश्चिम किनाऱ्याजवळच्या बर्निए आणि डोर या बेटांवर खोकड किंवा मांजरांनी मूळ धरलेले नव्हते. मुख्य भूमीवरून गेलेल्या काही जाती तिथे सुखाने नांदत होत्या.

तिसरा धागा आम्हाला विशेष मोलाचा वाटतो. बरबिज आणि त्यांचे सहकारी 1980च्या दशकात संग्रहालयातली जुनी कातडी बरोबर घेऊन मध्य ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटात गेले आणि तिथल्या मूळ रहिवाशांपैकी वडीलधाऱ्यांसमोर ती मांडली. वृद्धांनी कातडी हातात घेऊन प्राणी ओळखले, नावे सांगितली, तो कुठे राहायचा, काय खायचा, शेवटचा केव्हा दिसला हेही सांगितले. शास्त्राच्या नोंदीत जे प्राणी कधीच गेले असे धरले होते, त्यांतले काही विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हयात होते, असे यातून कळले. ज्यांना कोणी विचारलेच नव्हते त्यांच्याकडे अचूक माहिती होती.

पण धागे म्हणजे पुरावा नव्हे. पुराव्यासाठी प्रयोग हवा. आणि तो झाला तो अगदी साधा.

पश्चिम ऑस्ट्रेलियात पर्थ शहराच्या पूर्वेला गव्हाचा विस्तीर्ण पट्टा आहे. त्या शेतांतून मधूनच ग्रॅनाइटचे उघडे खडक वर येतात. समुद्रात बेटे असावीत तसे. या खडकांच्या कपारींत काळ्या पट्ट्याचा खडक-वॉलबी राहतो. कांगारूचाच हा छोटा भाईबंद. 1970च्या दशकाअखेर त्याचे मोजकेच कळप उरले होते. जॅक किनिअर या सरकारी वन्यजीव शास्त्रज्ञाने सहकाऱ्यांसह असे पाच खडक निवडले. पाचही ठिकाणच्या वॉलबींची गणती केली. मग 1982पासून दोन खडकांभोवती विषारी आमिष टाकून खोकड कमी केले. उरलेल्या तीन खडकांना हात लावला नाही. चारा तोच, पाऊस तोच, शेती तीच. फरक एवढाच की दोन ठिकाणी खोकड कमी.

चार वर्षांनी पुन्हा गणती झाली. खोकड कमी केलेल्या दोन्ही खडकांवरच्या वॉलबींची संख्या दुपटीहून अधिक झाली होती. उरलेल्या तिन्ही ठिकाणी तशी वाढ कुठेच नव्हती, आणि एका ठिकाणी तर कळप संपत आला होता. आणखी एक गोष्ट दिसली. खोकडाचे भय असताना वॉलबी कपारी सोडून फारसे लांब जात नसत. भय कमी झाल्यावर ते दूरवर चरू लागले. म्हणजे खोकड प्राणी खात तर होताच, शिवाय केवळ धाकाने त्यांचा चाराही तोडत होता. 1988 साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

आता शिक्षकांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी. या प्रयोगातले खरे कष्ट त्या न छेडलेल्या तीन खडकांमध्ये आहेत. डोळ्यांसमोर प्राणी कमी होत असताना तिथे काही न करता नुसते मोजत राहायचे, हे सोपे नाही. पण ते तीन खडक नसते तर 'पाऊसपाणी चांगले झाले म्हणून वॉलबी वाढले' असे कोणीही म्हणू शकले असते. दुर्मीळ प्राण्यांच्या बाबतीत तुलनेचा गट ठेवण्याची किंमत मोजावी लागते. ती मोजावी की नाही, यावर नववी-दहावीची मुले उत्तम वाद घालतात, असा आमचा अनुभव आहे.

विषारी आमिष म्हटल्यावर दुसरी शंका येते : ते आमिष वॉलबीने किंवा इतर स्थानिक प्राण्यांनी खाल्ले तर? इथे उत्क्रांतीने एक विलक्षण सोय करून ठेवली होती. वापरलेले विष '1080' या नावाने ओळखले जाते. ते म्हणजे सोडियम फ्लुओरोअ‍ॅसिटेट. पेशी अन्नापासून ऊर्जा मिळवतात ते क्रेब्ज चक्रातून. हा पदार्थ शरीरात फ्लुओरोसायट्रेटमध्ये बदलतो आणि त्या चक्रातले एक विकर अडवतो. नैऋत्य ऑस्ट्रेलियातल्या गॅस्ट्रोलोबियम या शेंगावर्गीय झुडपांत नेमके हेच विष नैसर्गिकरीत्या असते. वसाहतवाल्यांची गुरे ती झुडपे खाऊन मरत. पण हजारो पिढ्या त्याच झुडपांच्या सहवासात काढलेल्या स्थानिक प्राण्यांना ते बरेच पचते. बाहेरून आलेल्या खोकडाला ते अजिबात सोसत नाही.

या जोरावर पश्चिम ऑस्ट्रेलिया सरकारने 1996 साली 'वेस्टर्न शील्ड' हा कार्यक्रम सुरू केला. सुमारे 35 लाख हेक्टरांवर वर्षातून चार वेळा विमानातून आमिष टाकले जाऊ लागले, दर चौरस किलोमीटरला पाच या प्रमाणात. त्यात सर्वांत गाजला तो वॉयली. हे नाव तिथल्या नूंगार लोकांच्या भाषेतून आले आहे. सव्वा-दीड किलोचा हा प्राणी जमिनीखालच्या बुरशीची फळे उकरून खातो. उकरताना एक वॉयली वर्षाला पाचेक टन माती हलवतो आणि बुरशीचे बीजाणूही पसरवतो. जंगलाचा हा बिनपगारी माळीच. 1970च्या दशकात तो मुख्य भूमीवर फक्त तीन छोट्या जागी उरला होता. खोकड कमी होताच तो इतका वाढला की 1996 साली त्याचे नाव धोक्यातल्या प्राण्यांच्या यादीतून काढण्यात आले. संवर्धनाच्या प्रयत्नांमुळे यादीबाहेर आलेला तो ऑस्ट्रेलियातला पहिला सस्तन प्राणी.

गोष्ट इथे संपली असती तर पाठ्यपुस्तकात छान शोभली असती. पण 1999 ते 2006 या काळात वॉयलींची संख्या सुमारे 90 टक्क्यांनी घसरली. आमिष टाकणे चालूच होते. 2008 साली जागतिक यादीत त्याची नोंद 'अतिसंकटग्रस्त' अशी झाली. संशोधकांना पुन्हा पहिल्या पानावरून सुरुवात करावी लागली. मेलेल्या वॉयलींवर उरलेल्या लाळेतला डीएनए तपासला, तेव्हा बऱ्याच ठिकाणी मारेकरी खोकड नव्हता, मांजर होते. खोकड कमी झाल्यावर मांजरांना रान मोकळे मिळाले होते, आणि मांजर वाळवलेल्या मांसाच्या आमिषाला सहसा तोंड लावत नाही. वॉयलींच्या रक्तात सापडलेल्या परजीवींमुळे रोगाचाही संशय बळावला. मग मांजरांसाठी सॉसेजसारखे वेगळे आमिष तयार झाले आणि 2010 साली पेरूप इथे सुमारे चारशे हेक्टर जंगलाला शिकारी प्राणी रोखणारे कुंपण घालून त्यात वॉयली ठेवण्यात आले.

म्हणजे किनिअर चुकले होते का? नाही. खोकड हे कारण होतेच. पण ते एकमेव होते, असे त्या प्रयोगाने सिद्ध केले नव्हते. प्रयोग जेवढे सांगतो तेवढेच घ्यावे, आणि यश मिळाल्यावरही मोजणे थांबवू नये. वॉयलींची घसरण लक्षात आली तीही मोजणे चालू होते म्हणूनच.

ही हकिगत सांगितली की वर्गात एखादे तरी मूल विचारते, "पण सर, खोकडाचा काय दोष?" हा प्रश्न टाळू नये. खोकड स्वतःहून गेला नव्हता, त्याला माणसाने हौसेखातर नेले. ज्याला दुसरे काही ठाऊक नाही असा प्राणी आपल्या स्वभावाप्रमाणे वागला. त्याला विष घालणे ही वेदना देणारी गोष्ट आहे, आणि ती न करणे म्हणजे वॉलबी जाऊ देणे. दोन्ही पारड्यांत जीव आहेत. लेखाच्या मथळ्यात आम्ही 'खटला' म्हटले खरे, पण आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहायचे तर ते खोकडाने नव्हे.

याच प्रश्नाचे आपल्याकडचे रूप अगदी उलटे आहे. महाराष्ट्राच्या माळरानांवरचा खोकड हा वेगळ्या जातीचा आणि इथलाच मूळ रहिवासी. त्याच्या मागे लागतात ती माणसाबरोबर आलेली मोकाट कुत्री. सोलापूरजवळ नान्नजच्या माळावर झालेल्या अभ्यासात असे दिसले की कुत्रा समोर असला की खोकड अन्नाजवळ यायला बिचकतो आणि कमी खातो. वॉलबीला खोकडाचा जो धाक, तोच आपल्या खोकडाला कुत्र्याचा.

तेव्हा 'प्राणी का नाहीसे होतात' हा धडा शिकवताना कारणांची यादी फळ्यावर लिहून थांबू नये. गावाजवळच्या माळाचे, गायरानाचे किंवा टेकडीचे दोन भाग निवडावेत. एक गावालगतचा, एक दूरचा. दोन्हीकडे दर महिन्याला ठरावीक वाटेवर मुलांनी मातीतले ठसे आणि विष्ठा मोजावी. कुत्र्यांचे किती, इतरांचे किती. गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारावे : पूर्वी इथे काय दिसायचे, शेवटचे केव्हा दिसले? वर्षभरात मोठा शोध लागणार नाही. पण 'तुम्ही कसे ठरवाल?' या प्रश्नावर पुढच्या वर्षी वर्ग गप्प बसणार नाही.