जमिनीच्या पोटातून दिलेली हाक

शेजारशेजारच्या दोन शेतांत बोअर घेतली, एकीला भरपूर पाणी लागले आणि दुसरी कोरडी गेली, असे महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांत ऐकायला मिळते. बोअर आपल्याला जमिनीच्या आतली बातमी देते खरी, पण ती वीतभर रुंदीच्या छिद्रापुरतीच. छिद्रापासून चार हातांवर खडक फुटलेला आहे की अखंड, हे ती सांगू शकत नाही. तेल शोधणाऱ्यांची अडचणही हीच, फक्त तिचे आकडे मोठे. काही किलोमीटर खोल विहिरीवर प्रचंड पैसा खर्च होतो, आणि दोन विहिरींच्या मधल्या खडकाबद्दल पुष्कळदा अंदाजच बांधावा लागतो.

हा मधला भाग ‘पाहण्या’साठी एक उपाय सुचतो. एका विहिरीत उपकरण सोडून आवाज करावा आणि तो दुसऱ्या विहिरीत किंवा जमिनीवर ऐकावा. उपाय सोपा वाटतो, आणि तो १९१७ सालीच कागदावर उतरलाही होता. पण प्रत्यक्ष कामाला येण्याजोगा व्हायला त्याला जवळजवळ सत्तर वर्षे लागली. ही वर्षे कशात गेली, ते आपण या लेखात पाहू.

पाऱ्याची वाटी

जमिनीत मुद्दाम हादरा निर्माण करून त्याचा वेग मोजण्याचा पहिला मोठा प्रयत्न रॉबर्ट मॅलेट या आयरिश अभियंत्याने १८४९ मध्ये केला. डब्लिनजवळच्या किलिनी येथील समुद्रकिनाऱ्यावर त्याने वाळूत दारू पुरून उडवली आणि सुमारे अर्ध्या मैलावर ठेवलेल्या पाऱ्याच्या पृष्ठभागावर थरथर केव्हा उमटते ते पाहिले. वाळूत त्याला वेग मिळाला सेकंदाला सुमारे २५० मीटर, ग्रॅनाइटमध्ये सुमारे ५०० मीटर. ग्रॅनाइटमधला खरा वेग याच्या दसपटीच्या आसपास असतो. झाले होते असे, की सर्वांत आधी पोचणारी लहर फार क्षीण असते आणि पाऱ्याला ती जाणवलीच नाही. मागून आलेल्या जोरकस लहरींनीच तो हलला. आवाज कितीही मोठा केला तरी ऐकणारा कान तितकाच तिखट लागतो, हा धडा या शास्त्राला सुरुवातीलाच मिळाला.

हिमनगाकडून खनिजाकडे

एप्रिल १९१२ मध्ये ‘टायटॅनिक’ बुडाली. त्यानंतर हिमनग दुरून ओळखण्याच्या खटपटीत जे लोक पडले, त्यांत रेजिनाल्ड फेसेंडेन हा कॅनडात जन्मलेला संशोधक होता. बिनतारी यंत्रावरून माणसाचा आवाज पाठवणाऱ्या पहिल्या काही जणांत त्याची गणना होते. त्याने पाण्याखाली विजेच्या साहाय्याने जोरदार सूर काढणारे यंत्र तयार केले आणि एप्रिल १९१४ मध्ये न्यू फाउंडलंडजवळच्या समुद्रात सुमारे तीन किलोमीटरवरच्या हिमनगाचा प्रतिध्वनी पकडला. त्याच प्रवासात समुद्राच्या तळाचा प्रतिध्वनीही मिळाला.

पाण्यात जे साधले ते जमिनीत का साधू नये? सप्टेंबर १९१७ मध्ये फेसेंडेनला खनिजसाठे शोधण्याच्या पद्धतीचे अमेरिकी पेटंट मिळाले. त्यातली कल्पना अशी : जमिनीत विवरे घ्यायची, ती पाण्याने भरायची, एकात ध्वनी काढणारे यंत्र आणि बाकीच्यांत ऐकणारी यंत्रे सोडायची. ध्वनी पोचायला लागलेला वेळ आणि त्याचे परावर्तन यांवरून मधल्या खनिजाचा ठाव घ्यायचा. विवरातून विवरात पाहण्याची आजची सारी पद्धत बीजरूपाने या पेटंटात आहे.

पण तेलाचा शोध वेगळ्याच वाटेने गेला. अमेरिकेत कार्चर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९२१ मध्ये ओक्लाहोमात परावर्तित लहरींची नोंद घेतली. जर्मनीच्या मिंट्रोपच्या कंपनीने १९२४ मध्ये टेक्सासात अपवर्तित लहरींवरून मिठाचा घुमट शोधला. अशा घुमटांच्या कडेने तेल साचलेले असते. हादरा जमिनीच्या वरच्या भागात द्यायचा आणि ऐकायचेही जमिनीवरच, ही रीत रूढ झाली. तिच्यामुळे जगातले कितीतरी तेलसाठे सापडले, तेव्हा तिला नावे ठेवायचे कारण नाही. तिला एक मर्यादा मात्र होती.

मुरमाचा पडदा

शेजारच्या घरात गाणे लावले, की भिंतीतून आपल्याला ढोलकीचा ठेका ऐकू येतो, बासरी ऐकू येत नाही. जमिनीचा वरचा थर, म्हणजे माती, मुरूम आणि झिजलेला खडक, याच भिंतीसारखा वागतो. उच्च वारंवारतेच्या लहरी तो चटकन शोषून घेतो. जमिनीवर दिलेला हादरा खाली जाताना एकदा आणि परत येताना पुन्हा एकदा या थरातून जातो. परत येतो तो ठेका. बासरी वाटेतच हरवते.

यात बिघडले कुठे? एक छोटे गणित करून पाहू. तरंगलांबी म्हणजे वेग भागिले वारंवारता. खडकात लहरीचा वेग सेकंदाला ३,००० मीटर धरला आणि वारंवारता ५० हर्ट्झ, तर तरंगलांबी ६० मीटर येते. साधारणपणे तरंगलांबीच्या चौथ्या भागापेक्षा पातळ थराच्या वरच्या आणि खालच्या कडा वेगळ्या ओळखता येत नाहीत. म्हणजे १५ मीटरपेक्षा पातळ थर आपल्याला नीट दिसणार नाही. वारंवारता १,००० हर्ट्झ करता आली तर तरंगलांबी ३ मीटरवर येते आणि मीटरभर जाडीचा थरही ओळखता येतो. अशी लहर मुरमातून पार होत नाही. ती मुरमाच्या खालीच जन्मली पाहिजे.

सर्वेक्षण करणाऱ्यांनी निम्मा मार्ग लवकरच काढला. सुरुंगासाठी उथळ विवर घेऊन ते मुरमाच्या खाली उडवू लागले. दुसरा निम्मा मार्ग ऐकण्याच्या बाजूने निघाला. तयार विहिरीत जिओफोन, म्हणजे जमिनीची थरथर टिपणारे उपकरण, सोडून वरच्या हादऱ्याची नोंद खोलवर घ्यायची. सोव्हिएत संघात गाल्पेरिन यांनी १९५० नंतरच्या दशकांत ही रीत शास्त्रशुद्ध केली. त्यांचे या विषयावरचे पुस्तक १९७१ मध्ये रशियनमध्ये निघाले. तरी हादरा वरच राहिला. तो खाली का नेला नाही?

आवाज हवा, घाव नको

कारण विहीर नाजूक असते. तेलविहिरीच्या आतून पोलादी केसिंग पाइप बसवलेला असतो आणि पाइप व खडक यांमध्ये सिमेंट भरलेले असते. वेगवेगळ्या थरांतले तेल, वायू, खारे पाणी आणि वरचे गोडे पाणी एकमेकांत मिसळू नये, याची जबाबदारी या सिमेंटवर असते. मोठा सुरुंग आत उडवला तर पाइप फुटेल किंवा सिमेंटला तडे जातील. खडकाचा फोटो मिळेल, पण विहीर जाईल आणि भूजलही बिघडेल.

दुसरी अडचण भौतिकशास्त्रातली. विहीर पाण्याने किंवा चिखलपाण्याने भरलेली असते. त्यात धक्का दिला, की शक्तीचा मोठा हिस्सा खडकात जाण्याऐवजी पाण्याच्या स्तंभातूनच वर-खाली धावू लागतो. नळीतल्या द्रवात ध्वनीचा वेग भिंतीच्या लवचीकतेमुळे कसा बदलतो, हे होरेस लॅम्ब यांनी १८९८ मध्येच गणिताने दाखवले होते. ही नळीलहर फारशी क्षीण होत नाही, तळावर आपटून परत येते आणि हव्या त्या नोंदीवर गोंगाट पसरवते.

तिसरी अडचण जागेची. जमिनीवर हादरे देणारी गाडी वीस टनांहून जड असू शकते. तिचे काम वीतभर रुंदीच्या नळकांड्याने करायचे, तेही जिथे तापमान दर किलोमीटरला २५ ते ३० अंशांनी वाढते आणि तीन किलोमीटरवर पाण्याचा दाब वातावरणाच्या सुमारे तीनशे पट होतो.

तीन धागे

या अडचणींवरचे दोन उपाय फेसेंडेनच्या पेटंटाच्याच काळात जन्मले होते, पण त्यांची एकमेकांशी ओळख नव्हती. फ्रान्समध्ये पॉल लांजव्हँ १९१७च्या सुमारास पाणबुड्या शोधण्यासाठी क्वार्ट्झच्या स्फटिकांचा वापर करत होते. विजेचा दाब दिला की असा स्फटिक किंचित आकुंचन-प्रसरण पावतो. क्युरी बंधूंनी १८८० पासून अभ्यासलेला हा गुणधर्म. स्फटिकाची हालचाल सूक्ष्म, म्हणून पाइपला इजा नाही. आणि ती सेकंदाला हजारो वेळा होऊ शकते, म्हणून सूर बासरीचा. त्याच १९१७ साली ऑस्ट्रियन गणिती योहान राडॉन यांनी सिद्ध केले, की एखाद्या क्षेत्रातून जाणाऱ्या सर्व रेषांवरच्या बेरजा माहीत असतील, तर त्या क्षेत्राचे आतले चित्र परत मांडता येते. रुग्णालयातल्या सीटी स्कॅनमागे हेच तत्त्व आहे. विहिरीतून विहिरीत गेलेल्या शेकडो लहरींना लागलेला वेळ, म्हणजे अशाच बेरजा.

तिसरा धागा १९५० नंतरच्या दशकात आला. एकच मोठा धक्का देण्याऐवजी हलका पण लांबलचक चढता सूर जमिनीत सोडायचा, आणि नोंदीत तोच सूर कुठे कुठे लपला आहे ते गणिताने शोधायचे. बाजाराच्या कोलाहलातही ओळखीचे गाणे आपण पकडतो, तसे. अमेरिकेतल्या कॉनोको कंपनीच्या क्रॉफर्ड आणि डॉटी यांनी ही पद्धत जमिनीवरच्या गाड्यांसाठी काढली. विहिरीला तर ती वरदानच ठरली, कारण तिथे जोर वाढवता येत नव्हता, वेळ वाढवता येत होता.

हे धागे एकत्र विणायला संगणक स्वस्त व्हावे लागले. फ्रान्समधल्या संशोधकांनी विहिरीतून विहिरीत घेतलेल्या मोजमापांचा निबंध १९७२ मध्ये आला. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या जेरी हॅरिस आणि सहकाऱ्यांनी पश्चिम टेक्सासातल्या चुनखडीच्या तेलक्षेत्रात स्फटिकाचा स्रोत वापरला. सुमारे ५५ मीटर अंतरावरच्या दोन विहिरींमध्ये २५० पासून २,००० हर्ट्झपर्यंत चढणारा सूर सोडून त्यांनी मधल्या थरांचे बारकाव्यांसह चित्र काढले.

छिद्र पाडणाराच बोलू लागला

या इतिहासातला आम्हाला सर्वांत आवडणारा भाग यापुढचा आहे. बोअर मारणे चालू असते तेव्हा आसपासची जमीन थरथरते. म्हणजे विहिरीच्या तळाशी आवाज करणारे यंत्र आधीपासूनच होते : खुद्द बिट! तीन दातेरी शंकूंचा बिट खडक चुरडताना सतत ठोके देत असतो. सर्वेक्षणवाले या आवाजाला वर्षानुवर्षे गोंगाट समजत. अडचण अशी, की तो केव्हा सुरू झाला ते सांगता येत नाही. तो अखंडच असतो. उपाय निघाला तो बिटाला जोडलेल्या पोलादी नळांमधून. नळांतून आवाज सेकंदाला सुमारे ५,००० मीटर वेगाने वर येतो. तो माथ्यावर नोंदवायचा आणि जमिनीवरच्या जिओफोनांच्या नोंदीत तोच ठेका शोधायचा. रेक्टर आणि मॅरियन यांनी १९९१ मध्ये या पद्धतीचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले. खोदकाम न थांबवता, विहिरीत काहीही न सोडता, पुढे कोणता थर येणार याचा अंदाज घेता येऊ लागला. पुढे खडक खरवडणारे हिऱ्याचे बिट अधिकाधिक वापरात आले. ते शांतपणे काम करतात, त्यामुळे ही पद्धत सगळीकडे चालत नाही.

ऐकणारी विवरे

महाराष्ट्राचा या विषयाशी संबंध ऐकण्याच्या बाजूने आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेला ६.३ प्रतीचा भूकंप झाला आणि तेव्हापासून तिथे लहान-मोठे धक्के येत राहिले. ते जिथे जन्मतात तिथवर जाण्याच्या प्रकल्पात गोठणे येथे २०१७ मध्ये तीन किलोमीटर खोल विवर पूर्ण झाले. सुमारे सव्वा किलोमीटर बेसाल्टखाली ग्रॅनाइटी खडक लागला. त्याआधी सुमारे दीड किलोमीटर खोलीची आणखी काही विवरे घेऊन त्यांपैकी काहींत भूकंपमापक उतरवले गेले. इथे हाक निसर्ग देतो. आपण फक्त मुरमाच्या पडद्याखाली जाऊन कान लावतो.

आता गरज तेलापुरती राहिलेली नाही. ऑक्टोबर २००४ मध्ये टेक्सासातल्या फ्रिओ प्रयोगात सुमारे दीड किलोमीटर खोल खाऱ्या पाण्याच्या थरात १,६०० टन कर्बवायू कोंडला गेला. तो कुठे पसरला, हे सुमारे ३० मीटरवरच्या दोन विहिरींमध्ये आधी आणि नंतर लहरी सोडून पाहिले. वायू शिरला तिथे लहरींचा वेग घटला होता. जमिनीत कोंडलेला वायू तिथेच राहिला का, हे पुढच्या पिढ्यांना तपासावे लागेल, आणि त्यासाठी विहीर न फोडता विहिरीतून हाक देण्याची ही विद्या लागेल.

वर्गात हा विषय घेताना शाळेच्या लांब लोखंडी कठड्याचा उपयोग होईल. एका टोकाला दगडाने एकच ठोका द्यावा, दुसऱ्या टोकाला विद्यार्थ्याने कठड्याला कान लावावा. कठडा पुरेसा लांब असेल तर दोन आवाज येतील, आधी लोखंडातून आणि मग हवेतून. शंभर मीटर कठड्यासाठी दोहोंत किती अंतर पडेल, हे विद्यार्थ्यांनाच काढू द्यावे. हवेतला वेग सेकंदाला ३४० मीटर धरावा, लोखंडातला ५,०००.