मध्यरात्रीची अदलाबदल

नागपुरात मनीषनगरच्या गच्चीवरून विमान दिसलं तर कोणी मान वर करत नाही. सोनेगावचा विमानतळ इतका जवळ! पण जानेवारी 1949 पासून याच धावपट्टीवर रात्री देशाच्या टपालाचा बाजार भरत असे.

मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रासहून सायंकाळनंतर एकेक विमान निघे. मध्यरात्रीच्या आसपास चारही नागपुरात. थैल्या इकडच्या तिकडे होत आणि पहाटेपूर्वी विमानं आपापल्या गावी परतीला लागत. मुंबईत आज टाकलेलं पत्र उद्या कलकत्त्यात! सोबत काही प्रवासीही असत. त्यांच्या झोपेचं काय होत असेल, ते तेच जाणोत.

नागपूरच का? हवाई अंतरं पाहा: मुंबई सुमारे 680 किलोमीटर, दिल्ली 850, मद्रास 905, कलकत्ता 985. तेव्हाच्या डाकोटा विमानाचा वेग ताशी साधारण 270 किलोमीटर धरला, तर अडीच ते पावणेचार तासांत कुठूनही नागपूर. मुंबईचा रेल्वेमार्ग मात्र 837 किलोमीटरचा.

1953 मध्ये विमान कंपन्यांचं राष्ट्रीयीकरण झालं आणि ही सेवा इंडियन एअरलाइन्सकडे आली. पुढे जेट विमानं थेट उडू लागली, तेव्हा मधल्या थांब्याची गरज उरली नाही.

आता इथून शारजाला जाणारं विमान सुमारे 2,440 किलोमीटर साडेतीन तासांच्या आसपास कापतं. डाकोटाला तेवढा वेळ कलकत्त्यालाच लागे. शारजाचं घड्याळ दीड तास मागे, म्हणून तिथे पोचल्यावर दोनच तास गेल्यासारखे वाटतात.