‘लाईन’ची कुळकथा

‘लाईन’ हा शब्द मराठीत इंग्रजीतून आला, पण त्याचे मूळ जवसाच्या शेतात आहे. लॅटिन भाषेत जवसाला ‘लीनुम’ म्हणत आणि त्याच्या खोडातून काढलेल्या वाखाच्या दोऱ्याला ‘लीनेआ’. हा शब्द जुन्या इंग्रजीत दोरी या अर्थाने रुळला. पुढे त्याचेच फ्रेंच रूप इंग्लंडात आले आणि दोन्ही मिळून आजचा ‘लाईन’ झाला. लिनन हे कापड त्याच घराण्यातले. कपड्याला आतून या कापडाचे अस्तर लावत, म्हणून शिंप्याचे ‘लायनिंग’ही त्यातलेच. मराठी माणसाला जवस आठवते ते चटणीमुळे. त्याच रोपाच्या खोडाने युरोपला कापड आणि हा शब्द दिला.

दोऱ्यापासून रेषेपर्यंतचा प्रवास समजायला अवघड नाही. दोरा ताणून धरला की सरळपणाचे माप हाती येते. संस्कृतातही ‘सूत्र’ हा दोराच. तो धरून लाकूड आखणारा सूत्रधार, आणि त्याचाच मराठी सुतार झाला. ‘सुतासारखा सरळ’ हा वाक्प्रचार त्याच दोऱ्याचा. पनवेल परिसरात आज जिकडे तिकडे इमारती उभ्या राहत आहेत. तिथे पाया खणण्याआधी ‘लाईन आऊट’ देतात, म्हणजे दोरी ताणून जमिनीवर फक्की टाकतात. या कामात ‘लाईन’ अजून आपल्या पहिल्या अर्थाजवळ आहे.

इंग्रजांबरोबर हा शब्द आला तेव्हा त्याला लष्करी अर्थही होता. छावणीत तंबू किंवा बराकी ओळीने असत, म्हणून त्या वस्तीलाच ‘लाईन्स’ म्हणत. नागपूरची सिव्हिल लाईन्स ही गोऱ्या मुलकी अधिकाऱ्यांची वस्ती. मुंबईच्या मरीन लाईन्सचा समुद्रकाठच्या रेषेशी संबंध नाही. तिथे मरीन बटालियनची छावणी होती, तिचे ते नाव. जिल्ह्याजिल्ह्यांतल्या ‘पोलीस लाईन’ही याच वंशातल्या. सरकारी कागदावर त्यांचे नाव ‘पोलीस वसाहत’ असते, पण तिथे राहणारी मुले पत्ता सांगताना ‘लाईन’च म्हणतात.

पनवेलच्या जुन्या गावात तर लाईन आळीच आहे. संस्कृतात ‘आलि’ म्हणजे ओळ. त्यावरून घरांच्या ओळीला, आणि मग त्या ओळीसमोरच्या रस्त्याला आळी म्हणू लागले. म्हणजे या नावातला पहिला शब्द इंग्रजी, दुसरा मराठी, आणि मुळात दोन्हींचा अर्थ एकच. ‘पावरोटी’त जशी पोर्तुगीज भाकरी आणि देशी भाकरी शेजारी बसली आहे, तशी ही जोडी. मराठी कानाला ती खटकत नाही, कारण आळीतली ओळ आता कुणाला ऐकू येत नाही.

पनवेलकराच्या तोंडी हा शब्द सर्वांत जास्त वेळा येतो तो रेल्वेमुळे. पनवेलला दिव्याहून रूळ आले ते 1960च्या दशकात. हार्बर लाईन त्याहून जुनी, 1910 साली कुर्ला ते रे रोड अशी सुरू झालेली. मुंबई बंदराच्या कडेने जाणारी, म्हणून हार्बर. ती खाडी ओलांडून 1992 साली वाशीला आणि 1998 साली पनवेलला पोहोचली. 2004 साली ठाणे–वाशी अशी ट्रान्सहार्बर लाईन सुरू झाली आणि पुढे पनवेल ठाण्याशीही लोकलने जोडले गेले. इथे ‘लाईन’ म्हणजे रूळ नव्हे आणि गाडीही नव्हे, तर स्थानकांची एक माळ आणि तिच्या आधाराने राहणाऱ्या माणसांचा पत्ता. ‘तुम्ही कुठल्या लाईनला राहता?’ या प्रश्नाचे उत्तर ‘हार्बर’ एवढे पुरते.

वर्तमानपत्र मात्र ‘हार्बर मार्गावर मेगाब्लॉक’ असेच छापते. बोलण्यात लाईन आणि छापण्यात मार्ग, अशी ही वाटणी पक्की झाली आहे. ‘लाईन क्रॉस करू नका’ याचे मराठी मात्र ‘मार्ग ओलांडू नका’ होत नाही, ‘रूळ ओलांडू नका’ होते. रेल्वे पोलिसांच्या नावात ‘लोहमार्ग’ आहे, जो पाटीबाहेर फारसा कुणी वापरत नाही. नोव्हेंबर 2023 मध्ये बेलापूर–पेंधर मेट्रो सुरू झाली, तीही ‘लाईन 1’ या नावाने. पेंधर पनवेल तालुक्यातले, त्यामुळे तालुक्यात लोकलच्या लाइनींच्या जोडीला आकड्याची लाईनही आली.

ज्यातून काही वाहते, तीही लाईन. पाण्याची लाईन, गॅसची लाईन, ड्रेनेजची लाईन, विजेची लाईन. या साऱ्यांना मराठीने ‘वाहिनी’ हा एकच शब्द दिला: जलवाहिनी, विद्युतवाहिनी, मलनिःसारण वाहिनी. देहरंग धरणातून पनवेल शहरात येते ती जलवाहिनी. ती फुटली की बातमी जलवाहिनीची होते आणि गल्लीत ‘लाईन फुटली’ अशी हाक उठते. ‘वाहिनी’ हा प्रतिशब्द चांगला आहे, कारण तो वस्तूच्या आकाराकडे नव्हे, कामाकडे पाहतो. दूरचित्रवाणीच्या वाहिन्याही पुढे याच शब्दाने ओळखल्या जाऊ लागल्या. खांबावर चढणाऱ्या लाईनमनला मात्र वाहिनीवाला कुणी म्हटले नाही. महावितरण त्याला ‘जनमित्र’ म्हणते, ग्राहक लाईनमन किंवा वायरमन.

दूरध्वनीतला ‘लाईन’चा उपयोग आता उतरणीला लागला आहे. ट्रंककॉलच्या काळात ‘लाईन मिळणे’ ही मोठी गोष्ट होती. आज ‘लाईन बिझी’ आणि ‘लँडलाईन’ एवढेच उरले आहे.

माणसांच्या लाइनीला मराठीत शब्दांची चंगळ आहे. इंग्लंडात अशा रांगेला ‘क्यू’ म्हणतात, आणि मराठीतही एके काळी लोक ‘क्यूत’ उभे राहत. पुढे क्यू मागे पडला आणि लाईन राहिली. तिचे मराठी पर्याय एकमेकांच्या जागी सहज बसत नाहीत. रांग ही वाट पाहणाऱ्या माणसांची, शिवाय डोंगरांची. ओळ वहीतली, झाडांची, घरांची. रेषा भूमितीतली किंवा तळहातावरची. रेघ हाताने ओढलेली, म्हणून ती वाकडीही चालते. जेवायला बसते ती पंगत, आणि एकामागून एक येतच राहतात ती रीघ. बल्लाळेश्वराच्या मंदिरात भक्तांची रीघ लागली म्हटले, तर ते येत-जात आहेत. रांग लागली म्हटले, तर ते ताटकळत आहेत. ‘लाईन लागली’ यातून हा फरक कळत नाही. एका शब्दात सगळे भागते ही लाइनीची सोय, आणि उणीवही.

पेशाच्या अर्थाने लाईन येते तेव्हा तिच्या जागी क्षेत्र, शाखा किंवा धंदा चालतो. ‘मुलगी मेडिकल लाईनला आहे’ हे वाक्य डॉक्टर, परिचारिका आणि औषधविक्रेती या तिघींनाही लागू पडते, आणि बोलणाऱ्याला बहुधा तेवढा मोघमपणा हवाच असतो. बिघडलेल्याला ‘लाईनवर आणणे’ हा प्रयोगही खूप चालतो. त्याचे अस्सल मराठी ‘वळणावर आणणे’. इंग्रजी शब्दाला नीट माणूस सरळ रेषेत दिसतो, मराठीला तो वळण लागलेला दिसतो. ‘वाकडे वळण’ असे वेगळे सांगावे लागते, कारण नुसते वळण चांगलेच असते.

‘लाईन मारणे’ आणि ‘लाईन देणे’ ही तरुणांच्या बोलीतली रूपे. पहिल्यात पुढाकार असतो, दुसऱ्यात प्रतिसाद. या अर्थाने कोणताही सोवळा मराठी शब्द तितका नेमका बसत नाही.

खेळात उलट आहे. क्रिकेटच्या ‘लाईन अँड लेंग्थ’ला मराठी समालोचनात ‘दिशा आणि टप्पा’ हे शब्द मिळाले. कबड्डीत मध्यरेषा, निदान रेषा आणि अंतिम रेषा असे सगळे मराठीतच ठरलेले होते. रायगड जिल्हा कबड्डीचा, त्यामुळे इथल्या मैदानावर हे शब्द अजून ऐकू येतात. बोनस लाईन मात्र तिथेही बोनस लाईनच.

व्याकरणाने या शब्दाला पूर्ण मराठी करून घेतले आहे. इंग्रजीत त्याला लिंग नाही. मराठीत तो स्त्रीलिंगी झाला, कारण ओळ, रांग, रेघ, दोरी, तार या साऱ्या त्याच्या नातलग स्त्रीलिंगीच आहेत. अनेकवचन ‘लाइनी’ होते, ‘चार लाइनी लिही’. लेखनात ‘लाइन’ आणि ‘लाईन’ दोन्ही दिसतात. अकारान्त शब्दातला शेवटून दुसरा इकार मराठीत दीर्घ होतो, म्हणून ‘वकील’सारखे ‘लाईन’. आणि सामान्यरूपात तो ऱ्हस्व होतो, म्हणून ‘वकिलाला’सारखे ‘लाइनीत’.