बिगाऱ्यापासून कंत्राटदारापर्यंत : मुंबईतील कामाठी

निजामाच्या मुलखातून मुंबईत आलेल्या तेलुगू मजुरांना कामाठी म्हणत आणि त्यांच्याच वस्तीवरून कामाठीपुरा हे नाव रूढ झाले. 1860 च्या दशकात मुंबईच्या किल्ल्याचा तट पाडला गेला, कापसाच्या तेजीतला पैसा इमारतींत ओतला गेला आणि या शहराला बिगाऱ्यांची, म्हणजे घमेले वाहणाऱ्या व चुना कालवणाऱ्या अकुशल मजुरांची, कधी नव्हे इतकी गरज भासू लागली.

या मजुरांपुढची पहिली पायरी मुकादमाची होती. मुकादम गावाकडून माणसे आणी, त्यांना उचल, म्हणजे मजुरीपोटी आगाऊ रक्कम, देई आणि त्यांच्या हजेरीची हमी घेई. हाती थोडे भांडवल साठले आणि युरोपीय अभियंत्याचा विश्वास बसला, की तोच मुकादम खोदाईचे किंवा भिंतीचे काम अंगावर, म्हणजे ठरलेल्या रकमेत पुरे करण्याच्या बोलीने, घेऊन कंत्राटदार होई. अर्थात ही वाट फार थोड्यांनाच साधली, आणि साधली तीही पुष्कळदा इतरांच्या उचलीच्या ओझ्यावर, हे यशोगाथांत सहसा येत नाही.

तरीही या वर्गाने मिळवलेला पैसा केवळ घरांत अडकून राहिला नाही. व्यंकू काळेवार, जाया कराडी लिंगू यांसारखे तेलुगू कंत्राटदार 1873 मध्ये जोतीराव फुले यांनी पुण्यात स्थापन केलेल्या सत्यशोधक समाजाचे मुंबईतील आधारस्तंभ ठरले. फुले स्वतःही बांधकामाची कंत्राटे घेत असल्यामुळे त्यांची या कंत्राटदारांशी असलेली जवळीक केवळ वैचारिक नव्हती, तर व्यवसायाचीही होती.